सारखा थकवा येतो? कशामुळे निघाला, काय केल्यावर उतरला? अनुभव सांगा

गल्ल्यावरून:
सुरुवात मीच करतो. जळगावला असतो, वय 41, दिवसभर दुकानात उभा. मागच्या पावसाळ्यापासून दुपारी तीन वाजले की गल्ल्यावरच डोकं टेकायचो. आई म्हणे आंगमा जीवच नही ऱ्हायना तुन्हा, बायको म्हणे मोबाईल ठेवा (ती पण चूक नव्हती). मग आपल्याकडे सगळे करतात तेच, सलाईन लावून घेतलं, तीनदा. दोन दिवस बरं, परत तेच. नंतर कळलं की 5 टक्केवाल्या 500 मिलीच्या बाटलीत ग्लुकोज असतं 25 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर, एवढ्यात घरी दोन ग्लास लिंबू सरबत झालं असतं की! शेवटी रक्त तपासलं तर बी12 118, 200 च्या खाली कमीच धरतात. आम्ही माळकरी, अंडं-मटण नाही, दूध चहापुरतं, आणि हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतंच. इंजेक्शनं झाली, आता दही रोज. पायाच्या मुंग्यासुद्धा गेल्या.

चोपड्याची ताई:
माझं हसू नका. मी कच्चे तांदूळ खायचे. स्वयंपाक करता करता डब्यात हात, मूठभर तोंडात, कटकट आवाज आला की सासूबाई ओट्याकडे बघायच्या. जिना चढताना धाप लागायची ते वयाचं म्हणून सोडून दिलं, वय 36! हिमोग्लोबिन निघालं 7.4, बाईला 12 तरी पाहिजे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या असं काहीबाही खावंसं वाटणं हे पण लोह कमी असल्याचंच लक्षण. पाळी नऊ-नऊ दिवस चालायची, ते कोणाला सांगणार, त्याचा इलाज आधी केला. लोहाच्या गोळ्या मी चहासोबत घ्यायचे, दोन महिने आकडा ढिम्म, चहाने लोह अंगी लागत नाही हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग लिंबूपाण्यासोबत घेतल्या. शौचाला काळं होतं, घाबरू नका. आता 11.6 आणि तांदळाचा डबा डबाच राहिलाय.

सुकीकाठ:
रावेर. आमचा थकवा मे महिन्याचा, 45 डिग्रीत केळीचे घड वाहून बघा. नुसतं पाणी ढोसलं तरी डोकं गरगरायचं, मीठ-साखर-लिंबू टाकलं तर थांबलं. आता पहाटे पाचला बागेत, साडेदहाला घरी, वर कळण्याची भाकरी नि ठेचा.

तोरणमाळी:
धडगावकडे नोकरीला आहे. एक सांगतो, इकडे पोरगं सारखं थकतंय, सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात, तर नुसतं रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू करू नका दादांनो. सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) असू शकतो. त्यात लोह कमी असेलच असं नाही, ते तपासूनच द्यायचं. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची पहिली साधी रक्ततपासणी, ती पॉझिटिव्ह आली की पुढची. आमच्या वर्गातल्या एकाला सगळे आळशी म्हणायचे, मीही म्हणालोय, आता तोंड दाखवायला लाज वाटते.

भुसावळची सून:
आमचे हे रेल्वेत, नाईट ड्युटी. घोरणं असं की शेजारचे विचारायचे मालगाडी कितीची. दिवसा जेवता जेवता डुलकी. झोपेची तपासणी केली तर श्वास रात्रभर मधूनमधून बंद पडायचा! आता नाकाला मशीन लावून झोपतात, आधी चिडायचे, आता सुट्टीत गावी पण सोबत नेतात.

अमळनेर 78:
माझे रिपोर्ट सगळे नॉर्मल, थायरॉईड, शुगर, सगळं. सासऱ्यांना लकवा झाला तेव्हापासून रात्री चारदा उठायचे, दीड वर्ष, हे कुठल्या रिपोर्टात येणार? रडून सांगितलं तेव्हा नणंद आली, म्हणे वहिनी शनिवार-रविवारच्या रात्री माझ्या. पहिल्या शनिवारी मी अकरा तास झोपले, नवरा दोनदा येऊन श्वास चालू आहे ना बघून गेला.