मदत हवी आहे: आईबाबांसोबत एका दिवसाची नॅरोबोट, ट्रेव्हर की ब्रॅडफर्ड?

मंडळी, थोडा सल्ला हवाय.

आम्ही बर्मिंगहॅमला असतो. जूनमध्ये आईबाबा आणि मावशी नाशिकहून येतायत. लंडन, किल्ले, म्युझियम हे सगळं मागच्या खेपेला उरकलंय, आणि आईचे गुडघे आता चालण्याचं नाव काढू देत नाहीत. म्हणून एक अख्खा दिवस कालव्यावर नॅरोबोटीत (कालव्यावरची लांब, अरुंद बोट) काढायचा बेत आहे. सकाळी नऊ-दहाला बोट ताब्यात घ्यायची, आपणच चालवायची, वाटेत कुठेतरी बांधून जेवायचं आणि पाचच्या आत परत करायची. परवाना लागत नाही, निघण्यापूर्वी बोटवाले शिकवतात, इतपत माहिती काढली आहे.

दोन ठिकाणं डोक्यात आहेत. एक, लँगॉलेन कालव्यावर वेल्समधलं ट्रेव्हर. तिथला पॉन्टकसल्टे जलसेतू (कालवाच दरीवरून नेणारा पूल) बघायचाच आहे, पण मावशीला गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी गरगरतं. दुसरं, केनेट अँड एव्हन कालव्यावरचं ब्रॅडफर्ड ऑन एव्हन, तिथून बाथच्या दिशेने.

लॉक (बोटीला कालव्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारा दारांचा हौद) स्वतः उघडणं-मिटणं जमेल का? टॉयलेट असतं का? आणि मुख्य म्हणजे बाबा. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली आहे, त्यामुळे बोट तेच चालवणार असं त्यांनी व्हॉट्सॲपवर जाहीर करून टाकलंय. द्यावी का त्यांच्या हातात?

प्रतिसाद

डोळे मिटून ट्रेव्हर. तिथून चर्क गावाच्या बाजूला गेलात तर एकही लॉक नाही, आणि तीन ज्येष्ठ सोबत असताना हेच महत्त्वाचं. लॉक म्हणजे विंडलास (फिरवायचा हँडल) घेऊन बोटीवरून उतरा, पॅडल (पाणी सोडायची झडप) उघडा, पाणी समपातळीला यायची वाट बघा, मग दांड्याला पाठ लावून दार ढकला. एकेकाला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. लॉकमधून खालच्या पातळीला जाताना बोटीची शेपटी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर टेकली तर प्रकरण गंभीर होतं. हौसेने करायची गोष्ट आहे, पण पहिल्याच दिवशी आईबाबांना घेऊन नको.

जलसेतूबद्दल: थॉमस टेल्फर्ड आणि विल्यम जेसप यांचं काम, १८०५ साली खुला झाला, २००९ पासून जागतिक वारसा यादीत. बिडाचं ३०७ मीटर लांब पन्हळ, खाली ३८ मीटरवर डी नदी. एका बाजूला पायवाट आणि रेलिंग. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, पन्हळाची कड पाण्याच्या जेमतेम वर. बोटीतून त्या बाजूला पाहिलं की थेट दरी. मावशींना आत, पायवाटेच्या बाजूच्या खिडकीशी बसवा आणि हातात चहाचा कप द्या.

प्रतिसाद

मी ब्रॅडफर्डच्या बाजूने. गरगरणाऱ्या माणसाला कशाला छळायचं? तिकडे ॲव्हनक्लिफ आणि डंडस असे दोन जलसेतू लागतात, दोन्ही जॉन रेनीचे, दगडी, कठड्यांचे. मावशी बाहेर बसून बघतील. ब्रॅडफर्डच्या लॉकच्या खालून बोट घेतली तर बाथच्या अलीकडेपर्यंत लॉक नाही. मात्र खरं सांगायचं तर काठाला लोक बोटींत राहतात, त्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यांच्याजवळून इंजिन अगदी मंद ठेवून जावं लागतं, नाहीतर आतली भांडी पडतात आणि खिडकीतून डोकं बाहेर येतं. अंतर फार कापलं जात नाही.

प्रतिसाद

दोन्ही जागा छान आहेत, भांडू नका. मी बाबांबद्दल लिहितो.

अवश्य द्या, पण पहिला अर्धा तास रुंद, मोकळ्या पट्ट्यात. स्टिअरिंगची सवय इथे आडवी येते. टिलर (सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते, आणि तीही लगेच नाही. ड्रायव्हरचा हात तेवढ्यात आणखी ढकलतो, मग बोट नको तितकी वळते, मग उलट ओढाओढ, आणि नाक झुडपात. थोडं ढकला, थांबा, बघा. बोट मधोमध फिरते, म्हणजे नाक एकीकडे वळलं की शेपूट दुसरीकडे फेकलं जातं. पुलाखालून जाताना मागे उभ्या माणसाने हे विसरू नये.

ब्रेक नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाका, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळपास चालत नाही. कसारा घाट उतरवलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, कारण वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे आणि प्रत्यक्षात तीनच्या आसपासच जाता. पण वजन कित्येक टन. धडकणार असं वाटलं तर कोणीही हात किंवा पाय मध्ये घालून बोट अडवायची नाही. लागू दे धडक, ती त्यासाठीच पोलादाची आहे. पाय मध्ये सापडला तर कायमचा गेला. हे वाक्य बाबांना दोनदा ऐकवा.

समोरून बोट आली की आपण उजवीकडे. इथल्या आणि तिथल्या, दोन्हीकडच्या रस्त्यांच्या उलट.

प्रतिसाद

दिवसाच्या बोटींत बहुतेक ठिकाणी टॉयलेट, किटली आणि छोटी शेगडी असते, तरी बुकिंग करताना विचारून घ्या. आई वडे तळायचं म्हणतील, त्याला ठाम नकार. दुसरी बोट नुसती घासून गेली तरी कढईतलं तेल हलतं. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, तिळाची चटणी घरून न्या, चहा मात्र बोटीवर. पायवाटेच्या बाजूलाच बांधा, आणि खुंट्या चालणाऱ्यांच्या पायात येणार नाहीत अशा ठोका. रेनकोट सगळ्यांना. आतले कोरडे राहतात, टिलरवरचा भिजतो.

धागाकर्ती

खूप आभार! ट्रेव्हर ठरवतेय, मावशीला चहाच्या कपासकट आत बसवायचं. बाबांना "थोडं ढकला, थांबा, बघा" पाठवलं, त्यावर अंगठा आलाय.

एक राहिलं. आईला बोटीत चढता-उतरता येईल का? फोटोत मागे उभ्या पायऱ्या दिसतात.

प्रतिसाद

मागच्या पायऱ्या खड्या असतात, त्यापेक्षा पुढून चढवा. पुढच्या टोकाला बहुधा बसायला बाक असतात, पण काठावरून आत एक मोठी पायरी उतरावी लागते. बोटवाल्याला फोन करून तिची उंची विचारा आणि गुडघ्यांचं स्पष्ट सांगा, ठेवायला छोटं स्टूल देतात का बघा. चढताना दोर धरून कोणीतरी बोट काठाला घट्ट लावून ठेवायची. जेवायला बांधाल तेव्हा आईंना उतरवूच नका, ताट त्यांच्या हातात द्या. चर्कचा बोगदा चारशे मीटरहून लांब आहे आणि एका वेळी एकाच बाजूची वाहतूक चालते, तेव्हा आत शिरण्याआधी समोरून दिवा येत नाही ना ते बघा. आणि परत फिरायची जागा बोटवाल्याकडून नकाशावर खूण करून घ्या, बोट कालव्याच्या रुंदीपेक्षा लांब असते, वाटेल तिथे वळत नाही.