वर्गात फिरणाऱ्या चिठ्ठ्या: पकडल्यावर पुढे काय करायचं?

आठवी_ब_गणित

नमस्कार. अनुदानित मराठी माध्यमाची शाळा, आठवी ब, पट 58, तासिका 35 मिनिटांची. शाळेत मोबाइलला बंदी आहे, त्यामुळे सगळा कारभार कागदावर चालतो. मधल्या सुट्टीनंतरच्या तासांना चिठ्ठ्या जास्त फिरतात. बहुतेक मजकूर खासगी असतो: कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला कोण आवडतं, जोडी लावून चिडवणं.

शिक्षक खोलीत दोन टोकाची मतं आहेत. एक म्हणजे चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, म्हणजे पुन्हा कुणी लिहिणार नाही. दुसरं म्हणजे सरळ डोळेझाक करायची. मला दोन्ही पटत नाहीत. चिठ्ठी घ्यायची कशी, उघडायची का, ठेवायची कुठे आणि पालकांना कधी सांगायचं, हे नेमकं हवंय.

खडू_डस्टर

बाई, मोठ्यानं वाचणं आधी डोक्यातून काढून टाका. चिठ्ठीत तिघं असतात: लिहिणारा, घेणारा आणि जिच्याबद्दल किंवा ज्याच्याबद्दल लिहिलंय ती व्यक्ती. त्या तिसऱ्यानं काहीही केलेलं नसतं, आणि वाचल्यावर सगळ्यात जास्त तेच मूल भरडलं जातं. संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीत पोहोचते. शिवाय शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे. भर वर्गात मुलाची अब्रू काढणं त्यापासून फार लांब नाही. आणि चिठ्ठ्या थांबतात म्हणावं, तर तेही होत नाही. त्या पेनाच्या टोपणात, खोडरबराच्या वेष्टणात, परत केलेल्या पाठ्यपुस्तकात जातात, आणि मुलं नावांऐवजी हजेरी क्रमांक लिहायला लागतात.

घ्यायची अशी: शिकवणं थांबवू नका. वाक्य बोलत बोलतच बाकापर्यंत जा, तळहात पुढे करा आणि दोन-तीन सेकंद तसाच ठेवा. "काय चाललंय?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर "काही नाही बाई" असंच येतं आणि 58 माना वळतात. चिठ्ठी हातात आली की तिच्याकडे न बघता पर्समध्ये किंवा खिशात टाका आणि उदाहरण पुढे न्या.

नाही दिली तर हिसकावू नका. मुठी उघडायच्या नाहीत, दप्तर आणि खिसे तपासायचे नाहीत. मुलानं फाडली किंवा तोंडात टाकली तर तो विषय तिथंच सोडा. "तास झाल्यावर भेट" एवढंच, हळू आवाजात. तास संपल्यावर मात्र भेटाच, नाहीतर पुढच्या वेळी त्या वाक्याला वजन राहत नाही.

ज्याच्या हातात सापडली तो बहुतेक वेळा मधला पोस्टमन असतो. मागच्यानं पाठीत पेन टोचलं म्हणून त्यानं पुढे केली. त्याला उभं करणं अन्याय आहे, आणि मग त्याच्याकडून "कुणी दिली?" हे काढून घेणं त्याहून वाईट, कारण चुगलखोर म्हणून मधल्या सुट्टीत त्याची वाट बघितली जाते.

ठेवायची कुठे? हजेरीपटात अजिबात नको. हजेरीपट मॉनिटरच्या हातानं कार्यालयात जातो आणि चिठ्ठी वाटेत गळते. वर्गातल्या टेबलाच्या खणात नको, वर्गाच्या केराच्या टोपलीतही नको, कारण तुकडे जुळवून वाचायला मुलांना पाच मिनिटं पुरतात. शिक्षक खोलीत दाखवायची नाही, फोटो काढायचा नाही, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकायची नाही.

परत देताना त्याच दिवशी, शाळा सुटताना, एकट्याला आणि न उघडता. "ही तुझी. तासात पुन्हा दिसली तर तुझी जागा बदलेन." बस. आणि जागा बदलेन म्हटलं की खरंच बदला.

मागचा_बाक

वरचं सगळं चिठ्ठी सापडल्यानंतरचं. ती लिहायला वेळ कुठून मिळतो तेही बघा. गणिताच्या तासाला दोन जागा ठरलेल्या आहेत. शिक्षक फळ्याकडे पाठ करून लांबलचक उदाहरण लिहितात ती पहिली. भरभर उतरवणाऱ्या दहा-बारा जणांचं झालेलं असतं आणि बाकीच्यांसाठी सगळे थांबलेले असतात ती दुसरी.

पहिलीवर उपाय: फळ्याला पूर्ण पाठ न लावता तिरकं उभं राहून लिहायचं, दोन-तीन ओळी झाल्या की वळायचं. लांब उदाहरण असेल तर पहिल्या दोन पायऱ्या तुम्ही लिहा, पुढची एखाद्या मुलाला फळ्यावर बोलावून लिहायला लावा आणि तुम्ही मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहा. दुसरीवर उपाय: फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तास सुरू होण्याआधीच एक जादा उदाहरण लिहून ठेवायचं, "झालं असेल त्यांनी हे". जरा अवघड असावं, नाहीतर तेही दोन मिनिटांत संपतं.

जागा बदलताना चिठ्ठ्या देणाऱ्या-घेणाऱ्या दोघींना एकाच रांगेत पुढे-मागे टाकलंत तर काही उपयोग नाही. चिठ्ठी रांगेतून सरळ जाते, दोन बाक मध्ये आले तरी. तिला अडतो तो मधला बोळ, कारण तिथं हात लांब करावा लागतो आणि दिसतो. म्हणून वेगवेगळ्या रांगा, मध्ये बोळ, आणि दोघींच्या मध्ये तिसऱ्याच गटातली मुलं. पण दोघींनाच उचलून हलवू नका, त्यानं बोट दाखवल्यासारखं होतं. पंधरा दिवसांनी सगळ्या वर्गाच्याच जागा फिरवा.

शालेय_समुपदेशक

खडू_डस्टर यांचं बहुतेक पटतं, पण "न उघडता परत" हा नियम सरसकट लावू नका.

चिठ्ठी फिरताना वर्ग बघा. हसणं एका बाजूनं सरकत जातंय आणि सगळे चोरून एकाच मुलाकडे बघतायत, तर ती चिडवणारी चिठ्ठी आहे. रंग, जाड असणं, जात, आई-वडिलांचं काम, घरातलं भांडण, असलं काहीतरी. हातात येताच घेणारीचा चेहरा उतरला, ती रडली, चिठ्ठी लपवून गप्प झाली, किंवा तेच नाव आठवड्यात पुन्हा पुन्हा येतंय, तर ती उघडायला हवी. वर्गात नाही आणि एकट्यानंही नाही. मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षकांसमोर उघडा. शक्य असेल तर आधी त्या मुलाला किंवा मुलीला बाजूला घेऊन विचारा: "यात कुणाला त्रास होईल किंवा कुणी संकटात असेल असं काही आहे का?" या प्रश्नाला मुलं बहुतेक वेळा खरं उत्तर देतात, कारण तो चिठ्ठीतल्या गुपिताबद्दल नसतो.

वाचताना शोधायचं ते एवढंच: जीव द्यायची किंवा घर सोडायची भाषा, मार, नको तो स्पर्श, फोटो, पैशाची किंवा कसलीही धमकी, कुणा मोठ्या माणसानं भेटायला बोलावणं. यातलं काही नसेल तर घडी घालून परत. कुणाला कोण आवडतं हे लक्षात ठेवायचं नाही, आणि पुढच्या तासाला त्या दोघांकडे बघून हसायचं तर नाहीच.

जीव द्यायची भाषा असेल तर "लक्ष वेधून घेण्यासाठी लिहिलंय" असं ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. त्या मुलाला त्या क्षणापासून एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहातही नाही. सरळ शब्दांत विचारा, "तुला मरावंसं वाटतंय का?" विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. पालकांना बोलावून मूल त्यांच्या हाती द्या, आणि आजच डॉक्टरांकडे न्या म्हणून सांगा. त्रास घरातूनच असेल तर मुलांच्या मदतीसाठीची चाइल्ड हेल्पलाइन, 1098.

आठवी_ब_गणित

खूप उपयोगी, धन्यवाद. एक अडतंय. "मला तू आवडतेस" छापाच्या चिठ्ठीचं काय? सहकारी म्हणतात मुलीच्या घरी कळवलंच पाहिजे, उद्या काही झालं तर शाळेवर येईल.

मुख्याध्यापिका_निवृत्त

बाई, हा मुद्दा फार जपून हाताळा. असल्या चिठ्ठीवरून मुलीच्या घरी फोन गेला की काही घरांत पहिला निर्णय होतो तो शाळा बंद करायचा, आणि पुढचा स्थळ बघायचा. लग्नाचं कायदेशीर वय 18 आहे म्हणून हे थांबत नाही. चिठ्ठी मुलानं लिहिलेली आणि शिक्षण सुटतं मुलीचं. म्हणून फक्त मुलीच्या घरी कळवणं हे कधीही करू नका. आठवीतल्या दोन मुलांमधली एवढीच एक चिठ्ठी ही पालकांना बोलवायची बाब नाही. मुलाशी वर्गशिक्षक बोलतील, मुलीला एवढंच विचारायचं, "तुला याचा त्रास होतोय का?"

ती "हो" म्हणाली, किंवा मुलगा नकारानंतरही लिहितोय, पाठलाग करतोय, मित्रांकरवी दबाव आणतोय, तर ते प्रेमपत्र राहिलं नाही. मग लिहिणाऱ्याच्या पालकांना बोलवा. त्यांना चिठ्ठी दाखवायची नाही, वागणं सांगायचं. "तो ही गोष्ट करतोय, ती थांबली पाहिजे" असं, मुलीचं नाव न घेता होईल तितकं. 2022 पासून महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती, असणं अपेक्षित आहे. ती फक्त फलकावर असेल तर या निमित्तानं तिची बैठक लावा.

आणि चिठ्ठीत लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी शाळेनं आधी आपली चौकशी करून मग ठरवायचं, ही वाट कायद्यात नाही. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा) कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. चिठ्ठी पाकिटात घाला, वर तारीख, वेळ, कुणाकडून मिळाली ते लिहून सही करा. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, सभ्य करून नको. त्याला पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या लोकांसमोर विचारू नका. "मी कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागतं. "ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन" असं म्हणा. संशयित शाळेतलाच कुणी असेल तर त्याला आधी बोलावून विचारणं म्हणजे त्याला सावध करणं.

विज्ञान_नववी

एक राहिलं. घटक चाचणीत सापडलेली चिठ्ठी वेगळी. तिथं ती उघडून बघावीच लागते, कारण मजकूर उत्तराचा आहे की खासगी यावर पुढचं ठरतं. खासगी निघाली तर कॉपीची कारवाई करू नका. चिठ्ठी ठेवून घ्या, पेपर पूर्ण लिहू द्या. आणि ऑफ तासाला जे शिक्षक येतात त्यांनाही हेच नियम आधी सांगून ठेवा. तुम्ही चिठ्ठी न उघडता परत देताय आणि बदली तासाचे सर वाचून दाखवतायत, असं झालं तर मुलं तुमच्या हातातही चिठ्ठी देणार नाहीत.