‘श्टिले नाख्ट’: उंदरांची गोष्ट खरी का, आणि ख्यालाच्या गळ्यानं अल्टो कसा गावा?

इसारकाठी

नमस्कार मंडळी. मी म्युनिकजवळच्या एका गावात राहते. या हिवाळ्यापासून इथल्या चर्चच्या क्वायरमध्ये अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गाते आहे. मी ख्रिस्ती नाही, पण कुणी विचारलंही नाही. गुरुवारी संध्याकाळी तालीम असते, पेन्सिल घेऊन ये, एवढंच सांगितलं. माझं शिक्षण पुण्यात, ख्यालाचं. स्टाफ नोटेशन आता हळूहळू वाचता येतं.

चोवीस डिसेंबरच्या रात्रीच्या मिस्सेत शेवटी दिवे मालवून ‘श्टिले नाख्ट’ गायचं आहे, म्हणजे आपलं ‘सायलेंट नाइट’. इथं ते त्या रात्रीच्या आधी सहसा कुणी गात नाही, राखून ठेवतात. त्यामुळे त्याबद्दल सगळेच फार हळवे आहेत आणि मलाही ते मनापासून नीट गायचं आहे.

शेजारी उभ्या राहणाऱ्या आजींनी गोष्ट सांगितली, की चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला, ऐन नाताळात ऑर्गन बंद पडला, म्हणून पाद्रीबाबांनी घाईघाईत गिटारवर हे गाणं रचलं. हे खरं आहे का? कुणी नीट वाचलंय का?

दुसरं गाण्याचं. चाल इतकी साधी, पण प्रत्येक दोन सुरांमध्ये माझा गळा मींड घेतो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. आमचे कंडक्टर हात वर करून थांबतात, हसतात, पुन्हा म्हणायला लावतात. आणि अल्टोची ओळ एकटीनं म्हटली तर जमते, पण सोप्रानो, म्हणजे वरच्या आवाजातल्या बायका, सुरू झाल्या की मी त्यांच्या चालीकडे ओढली जाते. इथं शास्त्रीय शिकलेलं कुणी चार आवाजांत गायलंय का? सराव कसा केलात?

वसईचा पोरगा

उंदीर नव्हतेच असं छातीठोक कोण म्हणणार, पण गाण्याचा संगीतकार फ्रान्झ झावेर ग्रुबर यानं स्वतः १८५४ साली या गाण्याची हकीकत लिहून ठेवली आहे आणि तिच्यात उंदीर नाहीत. ऑर्गन बिघडल्याचाही उल्लेख नाही. गोष्टीला गोडवा आहे म्हणून ती टिकली.

मींडेसाठी आमच्या पॅरिशमध्ये नवीन मुलांना पहिले काही दिवस शब्दच देत नाहीत. सगळी चाल ‘दु दु दु’ वर, प्रत्येक सूर सुटा, मध्ये किंचित हवा. दोन सुरांच्या मध्ये ‘द’ आला की गळ्याला घसरायला जागाच उरत नाही. ते बसलं की मग ‘लु’ वर जोडून, मग शब्द.

आणि ‘जॉय टू द वर्ल्ड’ रोज म्हणा. पहिली ओळ म्हणजे सरळ अवरोह आहे, सां नी ध प म ग रे सा, फक्त लयीत बसवलेला. शब्द आयझॅक वॉट्सचे, १७१९ चे, ९८ व्या स्तोत्रावरून घेतलेले. गंमत म्हणजे त्यात गोठा, मेंढपाळ, तारा असं काहीच नाही. तुमच्या गळ्याला हा अवरोह पाठच असणार, आता तो मींडेशिवाय उतरायचा. जिन्यानं उतरा, घसरगुंडीनं नको!

नगरी टेनर

इसारकाठी ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी अहमदनगरचा, मराठी चर्चमध्ये वाढलो. आमच्याकडे नारायण वामन टिळकांची पदं ‘उपासना संगीता’तून पेटी-तबल्यावर गायची आणि त्याच पुस्तकातली पाश्चात्त्य चालींची गीतं चार आवाजांत. म्हणजे एकाच रविवारी एकाच गळ्याला दोन्ही करावं लागतं. म्हणून तुमची अडचण मला आतून माहीत आहे, आणि म्हणूनच थोडं सविस्तर लिहितो.

आधी गोष्ट, कारण तिच्यातच तुमच्या गाण्याचं उत्तर आहे असं मला ठामपणे वाटतं.

शब्द योझेफ मोरचे. हा साल्झबुर्गचा, विणकाम करून पोट भरणाऱ्या एका अविवाहित बाईचा मुलगा. बाप सैनिक, तो सोडून गेलेला. १८१६ साली मारियाफार नावाच्या डोंगरातल्या गावी साहाय्यक पाद्री असताना त्यानं ही कविता लिहिली. त्याच्या हातची एक प्रत १९९५ साली सापडली, तिच्यावर कवितेचं साल १८१६ आहे. म्हणजे ‘एका रात्रीत रचलं’ हे फक्त चालीपुरतं खरं. ते वर्ष कसलं होतं बघा. नेपोलियनची युद्धं नुकती संपलेली, साल्झबुर्गचा मुलूख या राजाकडून त्या राजाकडे जाऊन शेवटी ऑस्ट्रियात आलेला. आणि आदल्या वर्षी इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटल्यामुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली. त्या माणसांसमोर हा तरुण पाद्री ‘सगळं निवांत झोपलंय’ म्हणतो. मूळ कवितेला सहा कडवी आहेत. आपण गातो ती पहिलं, दुसरं आणि सहावं. चौथ्यात येशू जगातल्या सगळ्या लोकांना भाऊ म्हणून कवेत घेतो, असं आहे. ते कडवं गाळतात याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. तुमच्या कंडक्टरना विचारून बघा, एखाद्या वर्षी चौथं घेता येईल का.

पुढच्या वर्षी, १८१७ मध्ये, मोर साल्झाख नदीकाठच्या ओबर्नडोर्फला आला. ग्रुबर शेजारच्या आर्न्सडोर्फमध्ये शाळामास्तर होता आणि ओबर्नडोर्फच्या संत निकोलस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. २४ डिसेंबर १८१८ ला मोरनं त्याला कविता दिली आणि दोन एकल आवाज, कोरस आणि गिटार यांना जमेल अशी चाल मागितली. ग्रुबरनं ती त्याच संध्याकाळी आणून दिली आणि त्याच रात्री ती गायली गेली. मोर टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) गायला आणि गिटारही त्यानंच धरली, ग्रुबर बास (खालचा) गायला, कडव्याचा शेवट कोरसनं उचलला. यातलं बहुतेक ग्रुबरच्याच १८५४ च्या टिपणातून कळतं. तेही का लिहावं लागलं? तोवर गाणं इतकं पसरलं होतं की बर्लिनच्या राजदरबारी वाद्यवृंदानं साल्झबुर्गला चौकशी केली, हे तिथल्या जुन्या संगीतकाराचं, मिखाएल हायडनचं आहे का म्हणून!

पसरलं ते ऑर्गनमुळेच. ऑर्गन बांधणारा कार्ल माउराखर ओबर्नडोर्फला कामाला यायचा, त्यानं ते आपल्या त्सिलरटाल खोऱ्यात नेलं. तिथली राइनर आणि श्ट्रासर ही गाणारी घराणी गावोगाव फिरायची. श्ट्रासर मंडळी हातमोजे विकत जत्रांना जायची आणि गायची. राइनर मंडळींनी १८३९ साली ते न्यूयॉर्कमध्ये गायलं. छापलं गेलं ते ‘टिरोलची लोकगीतं’ म्हणून, दोघांचंही नाव नाही. मोर १८४८ साली वाग्राइन गावी वारला, तेव्हा जवळ काही नव्हतं. जे होतं ते शाळेतल्या गरीब मुलांसाठी घालवलेलं. त्याचं एक चित्रसुद्धा काढलेलं नाही कुणी.

आता गाण्याकडे. हे गाणं जन्मलं दोन आवाज आणि एका गिटारवर, सहा मात्रांच्या झुलत्या लयीत. दादऱ्यासारखंच तीन-तीन. ते अंगाई आहे. पुढे मोठमोठ्या ऑर्गनवर, शंभर जणांच्या कोरसमध्ये त्याची लय ओढली गेली, आणि सूर लांबला की मधली जागा भरायला गळा मींड शोधतो. तुमच्या मींडेचं अर्धं कारण लय आहे, गळा नव्हे. घरी थोडी पुढची लय धरून म्हणा, हाताखाली पाळणा आहे असं समजून, आणि फरक ऐका.

स्वर लिहून घ्या. प दीड मात्रा, ध अर्धी, पुन्हा प एक, मग ग तीन मात्रा. तो ध नुसता स्पर्शाचा नाही, कण नाही. अर्धी मात्रा असली तरी पूर्ण सूर आहे. हेच दोनदा. मग ग वरून थेट तार रें. इथंच सगळे घसरतात. ग च्या तिसऱ्या मात्रेवर आवाज सोडा, श्वास घ्या, रें मनात ऐका आणि मगच लावा. श्वासच इथं तुमचा रखवालदार. पुढे रें रें नी, सां सां प. मग ध ध सां नी ध, प ध प ग, हेही दोनदा. शेवटाकडे रें रें मं रें नी सां गं, आणि सां प ग प म रे सा. म्हणजे सा पासून तार मं पर्यंतचा पल्ला, अकरा सुरांचा. साधी चाल म्हणतात, पण घरात गुणगुणणाऱ्या कितीतरी जणांचा आवाज त्या मं वर फाटतो तो यामुळेच.

अल्टोचं. तुमची ओळ बहुतेक ग म ग सा अशी सुरू होत असेल, वरच्या चालीच्या खाली खाली चालणारी. आपल्या कानाची सवय अशी, की जिथून सुरू केलं तिथं तो सा शोधतो. मग तुमचा ग हाच तुमचा सा होऊन बसतो, आणि सोप्रानोंनी खरा सा दाखवला की पाय सुटतो. उपाय तुमच्या घरातच आहे. तानपुरा लावा, त्या पट्टीच्या सा-प वर, आणि अल्टोची ओळ सरगममध्ये म्हणा. शब्द नकोत. ‘मी गंधारावर आहे’ हे कळलं की कुणी ओढू शकत नाही. नंतर फोनवर सोप्रानोची ओळ ध्वनिमुद्रित करून तिच्यावर आपली गा, आधी ती मोठी ठेवून, मग बारीक करत.

एक सूक्ष्म गोष्ट फक्त तुम्हाला सांगण्यासारखी. तानपुऱ्यातून जो गंधार ऐकू येतो तो ऑर्गनच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. सवयीनं तुम्ही तोच लावाल. साथीशिवाय गात असाल तर तो फार सुंदर मिळतो, सगळा कोरस उजळतो. ऑर्गन सुरू असेल तर मात्र केसभर वर घ्यावा लागेल. हे तुमच्या शेजारच्या आजींना ऐकू येणार नाही कदाचित, तुम्हाला मात्र लगेच येईल.

घाटवाट

नगरी टेनर, सुंदर लिहिलंत. इसारकाठी, म्युनिकहून साल्झबुर्गला रेल्वे आहे आणि तिथून लोकल गाडीनं ओबर्नडोर्फ. मूळ चर्च आता नाही. साल्झाखच्या पुरांनी खिळखिळं झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं. त्या जागी छोटं चॅपल आहे, १९३७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. ते इतकं लहान आहे की माणसं बाहेरच उभी राहतात. मला जास्त भिडलं ते हालाइनचं संग्रहालय. ग्रुबर पुढे तिथं राहायचा, आणि मोरची गिटार तिथं ठेवलेली आहे. एवढीशी, आजच्या गिटारपेक्षा कमरेला बारीक. ती पाहिली की हे गाणं किती हळू आवाजात जन्मलं असेल ते कळतं.

इसारकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘दु दु’ सुरू केलं आहे, आणि तानपुऱ्याचा उपाय लगेच लागू पडला. गंधाराचं तर अगदी खरं आहे! कंडक्टरना ग्रुबरच्या टिपणाबद्दल सांगितलं, तर ते म्हणाले की एक कडवं दोनच आवाज आणि गिटार असं करू या, आणि खालचा आवाज तू गा. आमची नेहमीची पट्टी काळी पाच आहे, गिटारसाठी ते मूळची, पांढरी दोन घेणार आहेत. नगरी टेनर, आता पट्टी इतकी वर गेल्यावर काय सांभाळू? आणि जर्मन शब्दांचं?

नगरी टेनर

वा! पांढरी दोनच खरी. खालचा आवाज असल्यानं तुम्हाला पट्टीचा त्रास नाही, उलट अल्टोला तिथं जरा उजेड मिळतो. वरच्या बाईंना मात्र तो मं जड जाईल. त्यांना सांगा, ‘हिम्लिशर’ मधला ‘इ’ पूर्ण उघडा धरायचा आणि ‘म’ वर ओठ अगदी शेवटी मिटायचे. आपण बोलताना लगेच मिटतो, मग तो सूर नाकात अडकतो. तुम्हीही त्यांच्याबरोबरच मिटा.

‘नाख्ट’ मधला ‘ख’ घशातून खरवडू नका, ‘खबर’ मधल्या उर्दू ख इतकाच. शेवटचा ‘ट’ दोघींचा एकाच क्षणी पडला पाहिजे. तो तिसऱ्या मात्रेच्या शेवटी, गिटारच्या पुढच्या तारेच्या जरासा आधी. म्हणून तालीम समोरासमोर उभं राहून करा, एकमेकींचे ओठ बघत. वादकालाही तिथंच बसवा. आणि आवाज एवढाच, की दुसरीचा ऐकू येत राहील.

चौथ्या कडव्याचं विचारलंत का?