तालुक्यात पंधरा माणसांचा समाजवादी पक्ष वर्षभर चालवायचा कसा?

बोरीकाठ (पारोळा)

साथींनो, आमच्या पक्षाची तालुका शाखा आहे. कामाची माणसं पंधराएक: काही निवृत्त शिक्षक, बाकी शेतकरी-शेतमजूर, दोन कॉलेजची मुलं. मोर्चाला तहसीलवर दीड-दोनशे माणूस येतं. निवेदन दिलं, फोटो छापून आला, की पुढचे तीन महिने शाखा थंड. बैठकीला तेच सहा चेहरे. २४ डिसेंबर आणि ११ जूनला साने गुरुजींचा कार्यक्रम तेवढा नेमाने होतो. महिन्याचं बजेट दोन-तीन हजारांच्या वर नाही. हँडबिल, वर्गणी, सभासद नोंदणी आणि लोकांचे प्रश्न यांची घडी कशी बसवावी? कापूसपट्ट्यात वर्षाचा क्रम कसा लावता तेही सांगा.

गिरणाथडी (भडगाव)

मोर्चा काढा, पण त्याआधी आठवडेबाजारात टेबल लावा आणि एकही बाजार चुकवू नका. बाकी सगळं त्या टेबलातून उभं राहतं.

जागा बाजाराच्या तोंडाशी, कुणाच्या दुकानापुढे येणार नाही अशी. बाजार ठेकेदाराशी आधी बोलून घ्या. मजूर बायका बाजाराला दुपारनंतर निघतात, म्हणून वेळ ३ ते ६. उन्हाळ्यात ४ च्या आधी बसण्यात अर्थ नाही. दोन माणसं पुरतात, एक लिहिणारा आणि एक बोलणारा. लागतं काय? टेबल, दोन खुर्च्या, कापडी बॅनर, दोनशे पानी आडवी वही, कार्बन, स्टॅम्प पॅड (अंगठ्यासाठी), कोर्ट फी स्टँप आणि कोरे कागद.

वहीतले रकाने: तारीख, नाव, गाव, फोन, काम काय, कुठल्या कार्यालयात अर्ज, आवक क्रमांक, पुढची तारीख, निकाल. आधार क्रमांक वहीत लिहू नका. मूळ कागद ठेवून घेऊ नका, झेरॉक्स झाली की लगेच हातात परत. अर्जाच्या दोन प्रती करायच्या आणि दुसरीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घ्यायचा. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही, असं धरून चाला.

तीन महिन्यांना एकच विषय. रेशन घेतलं तर फक्त रेशन. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो, हे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात आहे. ई-पॉस मशीनची पावती मागायची, पावती आणि पोत्यातलं वजन टेबलावरच जुळवायचं. फरक निघाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार आणि १९६७ या हेल्पलाइन क्रमांकावर फोन. एका गावातून दहा-पंधरा पावत्या जमल्या की मोर्चाला तुमच्या हातात कागद असतो, आणि अशा मोर्चाची दखल घ्यावीच लागते. नऊ मागण्यांचं निवेदन कार्यालयात फाइलला लागतं आणि तिथेच राहतं.

टेबल बिघडतं कुठे, तर कुणीतरी अर्ज भरायचे शंभर-दोनशे घ्यायला लागतो. तिथून एजंट आणि पक्ष यात लोकांना फरक दिसत नाही. बॅनरवर मोठ्या अक्षरात लिहा: ‘अर्ज भरण्याचे पैसे नाहीत’. झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्याने दुकानदाराला द्यावेत. ‘आधी सभासद व्हा, मग काम’ हे तर कधीच नको. काम झालेल्या माणसाच्या घरी महिन्याने जा आणि तेव्हा फॉर्म पुढे करा.

हिशेबवही (धुळे)

पैशाचं मी सांगतो, कारण लहान पक्ष विचारांवरून कमी आणि पावत्यांवरून जास्त फुटतात.

पावतीपुस्तकं राज्य कार्यालयाकडून क्रमांक टाकून घ्या. कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं याची नोंद ठेवा आणि संपलेलं स्थळप्रतींसकट परत घेतल्याशिवाय नवं देऊ नका. दोन हजारांच्या वर रोख देणगी घ्यायची नाही. आयकर कायद्यातली सवलत टिकवायची तर ही अट पाळावीच लागते. एका देणगीदाराचे वर्षाचे वीस हजारांच्या वर गेले तर त्याचं नाव, पत्ता, पॅन राज्य कार्यालयाला कळवा, निवडणूक आयोगाला जाणाऱ्या अहवालात ते लागतं. क्यूआर कोड कार्यकर्त्याच्या खाजगी खात्याचा नको, मग तो कितीही सज्जन असो. राज्य समितीचा ठराव घेऊन पक्षाच्याच पॅनवर शाखेचं खातं उघडा, सह्या दोघांच्या.

वर्गणी वार्षिक ठेवली की बुडते. महिन्याला वीस-तीस रुपये, घरी जाऊन. कापूसवाल्यांकडून एकरकमी घ्यायची तर दिवाळीनंतर, माल विकल्यावर. पेरणीच्या तोंडावर कुणाच्या दारात जाऊ नका. आणि दर महिन्याचा जमाखर्च एका कागदावर लिहून बैठकीत वाचा. दहा मिनिटं लागतात.

बोरीकाठ (पारोळा)

आप्पा, टेबलाचं पटलं. दोन शंका. हँडबिल छापतो पण लोक वाचत नाहीत, बाजारात त्यात भजी बांधलेली दिसतात. आणि लाउडस्पीकरची परवानगी अडते.

तापी (चोपडा)

दादा, हँडबिलावर एकच गोष्ट असावी. ए-५ आकार, दीडशे शब्दांच्या आत, मजकूर १४ पॉइंटच्या खाली नको. मथळा अहिराणीत द्या, ‘पस्तीस किलो धान्य आमना हक्क शे’, आणि खालचा मजकूर सोप्या मराठीत. अख्खं हँडबिल अहिराणीत केलं तर वाचणारा अडखळतो, कारण ती वाचायची सवय नाही. बोलताना मात्र पूर्ण अहिराणीच बोला. रावेर-यावलकडे लेवा गणबोली.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि डीटीपीवाला बऱ्याचदा जुन्या फाँटमध्ये काम करतो. बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात. छापील प्रूफ हातात घेऊन वाचा. तारीख, वार आणि फोन दोघांनी तपासा. खाली प्रकाशक आणि प्रेस यांचं नाव-पत्ता कायम टाका. निवडणुकीच्या काळात तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे ते सक्तीचं आहे.

ज्या हँडबिलात उपयोगाची माहिती असते ते घरात जपलं जातं. ऑक्टोबरात कापसावर काढा: ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) माल घेत नाही, ८ च्या वर भावात कपात होते, म्हणून दव सुकल्यावर वेचा, वाळवून न्या. खेडा खरेदीवाल्याचा (गावात येऊन माल घेणाऱ्याचा) काटा आधी ओळखीचं वजन टाकून तपासा. मागच्या बाजूला वेचणीच्या दराची मागणी. शेतकरी आणि मजूर दोघंही एकाच कागदाला हात लावतात, आणि आपल्या पक्षाला हे दोघं एकत्र हवेतच.

बायकांची बैठक वेचणीच्या दिवसांत रात्री साडेआठनंतरच होते, तीही गल्लीत, ओट्यावर. पक्षाच्या कार्यालयात त्या येत नाहीत. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असतात, श्रावणात कानबाईच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. तेव्हा बैठक ठेवू नका, पण भेटायला जरूर जा.

लाउडस्पीकरचा अर्ज पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी द्या, पोहोच घ्या. रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहेच. जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा (जमावबंदीचा) आदेश लागू आहे का तेही त्याच वेळी विचारा. नाहीतर माणसं जमल्यावर पांगवावं लागतं, आणि पांगलेली माणसं पुढच्या वेळी येत नाहीत.

सातपुडा (शहादा)

डोंगरपट्टीचा हिशेब वेगळा आहे, थोडक्यात लिहितो. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. सभासद नोंदणी आणि वनहक्काचं काम (कसत असलेल्या वनजमिनीचे दावे) होळी ते पेरणी एवढ्या अवधीतच उरका. होळीच्या आठवड्यातल्या भोंगऱ्या बाजारात सगळे भेटतात, पण तिथे भाषण नको. पुढच्या बैठकीचा दिवस तोंडी, पावरीत किंवा भिलीत सांगा. दावा अमान्य झाला असेल तर कारणासकट लेखी प्रत मागा. अपिलाला ६० दिवस असतात, आणि ‘तोंडी सांगितलं होतं’ यावर ते वाया जातात. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायला एकाहून जास्त पुरावे लागतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाबही चालतो, त्यांच्याकडे आधी जा.

गिरणाथडी (भडगाव)

ग्रामसभेचं राहिलं होतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांच्या आसपास ग्रामसभा होतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. विषय आधीच लेखी द्या, इतिवृत्तात ठराव लिहिला जाईपर्यंत उठू नका, नक्कल मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात, १० रुपयांचा स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तेव्हा तिथे पक्षाचा झेंडा घेऊन गावात दोन तट पाडू नका. टेबलावर नियमित बसणारी ताई किंवा दादा उभे राहत असतील तर त्यांच्यामागे जा. जिल्हा परिषदेचा एकच गट निवडा, ज्या गटातली नावं वहीत सर्वांत जास्त आहेत तो. सगळे गट लढवले तर बूथवर बसायलाही माणूस मिळत नाही.

समाजवादी नेते राममनोहर लोहिया फावडं (विधायक काम), तुरुंग (सत्याग्रह) आणि मत (निवडणूक) असे तीन मार्ग सांगत. शाखा दुसऱ्या दोहोंवर चालायला बघतात, फावडं कोपऱ्यात राहतं. मार्च-एप्रिलमध्ये, ऊन चढायच्या आत, सकाळी ६ ते ९ नाल्यावर वनराई बंधारा (माती भरलेल्या गोण्यांचा) किंवा विहिरीचा गाळ, असं महिन्यातून दोनदा घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या बांधकामावर मागितल्या तर मिळतात. वाहतं पाणी दिवाळीपर्यंतच असलेल्या नाल्यावर मात्र बंधारा ऑक्टोबरातच घाला, मार्चला तिथे अडवायला काही नसतं.

कॉलेजच्या मुलांना वही सांभाळायला द्या. पहिल्या बाजाराला सोबत बसा, पुढच्यापासून लिहिणं त्यांचं.