तुमच्या गावच्या बंद जिनाचं (कापसाच्या कारखान्याचं) पुढं काय झालं? (अनुभव सांगा)

धुरकरी:
परवा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाले गेलो होतो. ऑटोवाल्यानं गाडी जुन्या जिनाच्या रोडनं काढली अन् एकदम पोटात कसंतरी झालं. कंपाउंडले पत्रे ठोकले आहेत अन् त्यावर तो बोर्ड. काचेची तीन मजली बिल्डिंग, समोर कारंजं, पिशव्या घेऊन हसणारे बायामाणसं. 'शॉपिंग कॉम्प्लेक्स, ताबा दिवाळीला' असं लिहिलं आहे, कोणत्या दिवाळीला ते नाही. बोर्ड लागला तेव्हा माझी पोरगी पाळण्यात होती, आता तिची दहावी आहे. उन्हानं लाल-पिवळा रंग पार उडून गेला, निळाच उरला, म्हणून ते सगळे माणसं निळेशार दिसतात. खालचा एक पत्रा वाकवून बकऱ्या आतबाहेर करत होत्या.

मले आठवलं ते बाबाच्या बंडीवरचं. एकाधिकाराच्या टाइमाले (तेव्हा कापूस एकटं सरकारच घेई) आमच्या जिनात बंड्यांची लाइन पार नाल्यापर्यंत जाये. दोन-दोन रात्री मुक्काम. कापसात गळ्यापर्यंत घुसून झोपलं की डिसेंबरची थंडी काय असते ते मालूम नाही पडे. ग्रेडर यायच्या आधी बाबा मले उचलून बंडीच्या एका कोपऱ्यात बसवून देत, म्हणत इथून हालू नको. त्या कोपऱ्यात खाली कवडी, म्हणजे खराब कापूस, भरली राहे. 😄 ग्रेडर काही येडा नव्हता, त्यानं माझ्याच बुडाखाली हात घातला, मूठभर कवडी काढून बाबाकडं पाह्यलं, अन् काही न बोलता ग्रेड खाली लिहिला. बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

तुमच्याकडच्या जिना-मिलांचं सांगा. काही झालं का, की नुसतेच बोर्ड?

आलूबोंडा:
आमच्याकडं बोर्डही नाही भाऊ, तुम्ही पुढं आहात 😂

पराटी:
काट्यावरचं कोणी बोललंच नाही. ओलावा म्हणून कटती, कचरा म्हणून कटती, अन् चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्यानं. माझ्या आज्याचं लग्नाचं कर्ज त्या चुकाऱ्याच्या भरवशावर होतं. जाऊ द्या, सकाळी सकाळी बीपी नाही वाढवत.

जिनवालीची पोरगी:
तुम्ही लोक बंडीवरचे, आम्ही आतले. माझी आई रेच्यावर (सरकी काढायच्या मशीनवर) होती, कापूस टाकायले. संध्याकाळी आली की दारातच पदर झटके, भिवयांत, पापण्यांत रुई, म्हातारी दिसे तेव्हाच. तिशीची होती ती. तोंडाले फडकं बांधे पण खोकला राह्यलाच. जिन बंद पडलं तेव्हा गेटावर यादी लागली होती कोणाचे किती बाकी म्हणून, आईनं माझ्या वहीच्या पानावर तो आकडा उतरवून आणायले लावला. ते पान तिनं उशीच्या खोळीत ठेवलं. उशीतली रुईही तिथलीच, लपवून थोडी थोडी आणलेली (आता सांगायले काय जाते). कॉम्प्लेक्सचं भूमिपूजन झालं त्या दिवशी सगळ्या बाया नवीन लुगडे नेसून गेल्या होत्या, कोणीतरी सांगितलं होतं की आता जमीन विकल्यावर बाकी भेटणार. पेढा भेटला. भात उतू जाऊन रायला, येतो नंतर.

धुरकरी:
ताई 🙏 आमच्या बंडीवरून खाली पाह्यलं की फडकं बांधलेल्या बायाच दिसत. त्यातली एखादी तुमची आई असेल असं कधी डोक्यातच नाही आलं.

आखीव पत्रिका:
मी भूमी अभिलेखमध्ये होतो, रिटायर झालो म्हणून लिहितो. लोकांले वाटते बिल्डर पैसे खाऊन पळाला, कधी कधी पळतोही, पण बरेच वेळा घोडं दुसरीकडंच अडते. जिन सहकारी संस्थेचं, संस्था गेली अवसायनात, म्हणजे गुंडाळायले काढली, अवसायकाच्या हातात सगळं, बँकेचा बोजा चढलेला, मजुरांचे देणे वेगळे, अन् खालची जमीन पाहाल तर नझूलची (सरकारी जमिनीची) लीज, तीही ३० वर्षांची, कधीच संपलेली, अन् दिलेली कारखान्यासाठी. तिथं दुकानं काढायची म्हटलं की शर्तभंग. मग नियमित करून घ्या, नजराणा भरा, तेवढ्यात विकास आराखडा येतो अन् त्यात त्याच जागेवर शाळा नाहीतर बगिच्याचं आरक्षण पडते, मग ते उठवायले अर्ज, तेवढ्यात कोणी वारसदार कोर्टात. एक एक गाठ सुटते पण तोवर पहिली सुटलेली पुन्हा बसलेली राहते. बोर्ड लावायले मात्र काहीच नाही लागत, दोन बांबू लागतात.

गाळा नंबर १४:
आखीवकाका तुम्ही हे पंधरा वर्षांआधी का नाही सांगितलं 😭 आमच्या जावायानं गाळा बुक केला आहे, ५१ हजार टोकन. पावती लॅमिनेट करून ठेवली. नकाशात त्याचा गाळा कॉर्नरचा आहे, म्हणून लय खूश. दरवर्षी दसऱ्याले कंपाउंडच्या भोकातून आत जाते, अंदाजानं पावलं मोजते, तिथं सोनं ठेवते अन् उदबत्ती लावून येते. बहीण म्हणते हा मले कधी एवढं सोनं नाही आणला.

आलूबोंडा:
जावईबापू अमर रहे 🤣🤣

मिस्त्री:
आधी एक दुरुस्ती. जिन वेगळं अन् प्रेस वेगळी. जिनात सरकी अन् रुई वेगळी होते, प्रेसमध्ये रुईची गाठ बांधतात, १७० किलोची. एक क्विंटल कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे पाचेक क्विंटलाची एक गाठ. मी डबल रोलरवर होतो. रोलर चामड्याचा, तो झिजून गुळगुळीत झाला की रुई पकडत नाही, त्याले चऱ्या मारा लागतात, मी आवाजावरून सांगे कोणत्या रेच्याचा रोलर गेला. भंगारवाला आला तेव्हा मीच नटबोल्ट खोलून दिले, दुसऱ्या कोणाले ते उघडताच नव्हते येत. रोजी भेटली.

पराटी:
मिस्त्रीकाका, सरकी ढेप कुठं बरी भेटते सध्या? म्हैस दुधावर येऊन नाही रायली.

मिस्त्री:
ढेपीत भेसळ लय आहे. सरकी आणून रात्री भिजवून दे.

नागपूरकर:
आमच्याकडं एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ले सुरू झाली होती, जमशेदजी टाटांची, २००२ मध्ये बंद. तिथं मॉल झाला की. म्हणजे होते, वेळ लागतो.

धुरकरी:
नागपूरची गोष्ट वेगळी राजा. आमच्या गावाले बुधवारचा बाजार पुरते, मॉलमध्ये फिरते जिने लावले तरी त्यावर पहिल्या दिवशी सगळे बसूनच जातील.

अचलपूरवाला:
मॉल सोडा. आमच्या फिनले मिलचा भोंगा २०२० च्या लॉकडाऊनपासून बंद आहे. ती तर आत्ताआत्ताची, नव्या मशीनची. पाडून काही बांधा असं नाही म्हणत कोणी, आहे तीच चालू करा म्हणतात. शकुंतला रेल्वे गेली, मिल बसली.

आलूबोंडा:
ह्या धाग्यावर येऊन विचारणं बरोबर नाही पण जिनाच्या गेटासमोर जो आलूबोंड्याचा ठेला होता, रश्श्यात बुडवून द्यायचा, वरून कच्चा कांदा, तो कोणाच्या गावात अजून आहे का? मी गाडी घेऊन येतो.

गाळा नंबर १४:
आमच्या गेटासमोर आहे. तोच म्हणते, माझा ठेला हलवू नका, कॉम्प्लेक्स झालं की गिऱ्हाईक वाढणार.

जिनवालीची पोरगी:
भात करपला. धुरकरीभाऊ, एवढं लिहिलं पण आईचं ऑपरेशन कसं झालं ते सांगितलंच नाही.

धुरकरी:
चांगलं झालं ताई. पण पट्टी काढून घरी आणताना ऑटो पुन्हा त्याच रोडनं गेला. आईनं बोर्डाकडं पाह्यलं अन् माझा हात धरला, म्हणे अरे थांब, दवाखान्यात परत चाल, त्यानं काहीतरी चुकीचं काच बसवलं, मले सगळे माणसं निळे दिसून रायले.