मदत हवी आहे: पावसाळ्यात काडतुसांची साठवण आणि वडिलांची जुनी बारा बोअरची काडतुसे

नमस्कार. मी इंदूरला राहतो. वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक वारसाहक्काने, रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली आहे. शिवाय माझी मुलगी ५० मीटर रायफल प्रकारात भाग घेते आणि तिच्या परवान्यावरची पॉइंट टू टूची (०.२२ इंच व्यासाची) काडतुसेही घरातच असतात. उन्हाळ्यात मालव्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि लगोलग दमट पावसाळा सुरू होतो, तेव्हा ही काडतुसे कोणत्या खोलीत आणि कशात ठेवावीत, हा माझा पहिला प्रश्न आहे. नेमबाजीत एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली काडतुसे वापरण्याला फार महत्त्व असल्यामुळे तिचा साठा मध्येच बिघडून चालणार नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. वडिलांच्या काडतुसांत काही कागदी नळीची आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वी, शिकारीची परवानगी मिळत असे त्या काळातली ती असावीत. त्यांचा कागद फुगला आहे आणि पितळी बुडावर हिरवट थर चढला आहे. ती उघडून छर्रे काढावेत आणि नव्याने भरावीत, असे एका नातेवाइकांनी सुचवले. मला ते पटत नाही, परंतु त्यांना नेमके काय सांगावे?

उत्तर:

आपली शंका अगदी रास्त आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेसुद्धा त्या कायद्याच्या 'दारूगोळा' या व्याख्येत येतात, त्यामुळे परदेशी चित्रफिती पाहून असे यंत्र घरी आणणे हाच गुन्हा ठरू शकतो. पॉइंट टू टूची तर गोष्टच वेगळी: त्या काडतुसाचे स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच असते आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपते, म्हणून ते काडतूस एकदाच वापरायचे असते.

फुगलेली काडतुसे बंदुकीत भरून झाडून पाहू नका. दमट दारू अर्धवट पेटली, तर डाट (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये असलेला बोळा) बंदुकीच्या नळीत अडकतो, आणि ते लक्षात न येता दुसरा बार काढला तर नळी फुटून हात आणि डोळे जाऊ शकतात. ती उघडू नका, कचऱ्यात टाकू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याला आधी कळवा आणि ते सांगतील त्याप्रमाणेच जमा करा.

चांगली काडतुसे मूळ खोक्यांतच, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. गच्चीखालची तापणारी खोली आणि स्वयंपाकघर टाळा. निळे जेल गुलाबी झाले की बदला. काडतुसांना तेल मात्र लावू नका, कारण ते झिरपून टोपी (बुडातली, आघाताने पेटणारी कळ) निकामी करते. वातानुकूलित खोलीतून डबा रेंजवर नेलात, तर तो बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, अन्यथा थंड पितळावर बाष्प जमते.