'तू तू मैं मैं'मधला नवरा नेमका काय करत होता?

गड्डा_ते_गड्डा
सुट्टीत 'तू तू मैं मैं' या जुन्या हिंदी मालिकेचे सात-आठ भाग सलग बघितले. सासू रीमा लागू आणि सून सुप्रिया पिळगावकर, काय ती जोडी! हसून हसून पोट दुखलं. आजच्या मालिकेत सासू दुधात काहीतरी कालवते आणि सून तीन आठवडे रडते. त्या काळी घरोघरी सासू-सुना अशाच प्रेमानं भांडायच्या आणि रात्री एका ताटात जेवायच्या. आताच्या मुलींना सासूच नको, मग विनोद येणार कुठून? पटतंय का बघा.

भाकरी_कडकच
नाही पटत. सकाळपासून तीनदा लिहून पुसलं, आता राहवत नाही. लांबलचक आहे, कंटाळा येईल त्यांनी खाली सरकावं.

मालिका मलाही आवडायची. आमच्याकडे केबल आली तेव्हा मी शाळेत होते. आई हसायची, आजी हसायची, पण दोघी एकमेकींकडे न बघता हसायच्या. तुम्हाला हे दिसलं नसणार, कारण बाप्ये पुढच्या खुर्चीत. एका ताटात जेवण म्हणे! आई सगळ्यांचं झाल्यावर बसायची, तोवर आमटी तळाला गेलेली असायची. आजीही तिच्या काळी तशीच बसलेली.

आता मालिकेतला नवरा आठवा, रवी, महेश ठाकूर. आई इकडून ओढते, बायको तिकडून, आणि आपण म्हणायचं, बिचारा! ज्या कामांवरून दोघींची जुंपते त्यातलं एक तरी काम त्याच्या अंगावर आहे का?

माझंच सांगते. लग्न होऊन सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात आले. पाणी चार दिवसाआड, तेही पहाटे. सासूबाईंचं म्हणणं आधी पिण्याचा हंडा, माझं म्हणणं आधी मोटर लावून टाकी. धार बारीक झाली तरी हंडा भरतो, टाकी भरत नाही. यावरून साडेतीन वाजता अंगणात आमचं भांडण. कुजबुजत! का, तर "तो उठेल". सहा फुटी माणूस आत घोरतोय आणि आम्ही दोघी त्याची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात भांडतोय. आपण चुकीच्या माणसाशी भांडतोय हे कळायला मला सहा वर्षं लागली.

गड्डा_ते_गड्डा
मॅडम, विषय मालिकेचा होता. तुम्ही नळावर गेलात.

भाकरी_कडकच
विषय घराचा होता. नळ घरातच असतो. तुम्ही कधी गेला नसाल तिकडे.

जुनी_गिरणी
ताई, राग बाजूला ठेवून ऐका. मालिका १९९४ची, आधी दूरदर्शनच्या मेट्रो चॅनेलवर, नंतर स्टार प्लसवर. त्या आधीची पडद्यावरची सून पदर डोळ्याला लावून कोपऱ्यात उभी. ही सून तोंडावर उत्तर देत होती आणि सासूही तिला तोडीस तोड. १९५८ची रीमाताई आणि १९६७ची सुप्रिया, मध्ये फक्त नऊ वर्षांचं अंतर. १९८९ला रीमाताई सलमानची आई झाल्या तेव्हा नुकती तिशी ओलांडलेली. तरी सासू वाटल्या की नाही? याला अभिनय म्हणतात. पुढं २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली आणि घरातलं हसू गेलं ते गेलंच. भांडणारी सून बरी की आरती घेऊन उभी असलेली, सांगा.

भाकरी_कडकच
भांडणारी बरी. हे मान्य, लिहून घ्या. पण तिनं भांडायचं कुणाशी, हा प्रश्न तसाच राहिला.

नुस्ता_वाचक
नवरा कुठं आहे विचारताय? सुप्रियाचा खरा नवरा कॅमेऱ्यामागं उभा राहून दोघींत भांडणं लावत होता. दिग्दर्शक सचिन पिळगावकर. सगळ्या नवऱ्यांचं काम त्या एकट्यानं केलं, वर मानधनही घेतलं.

अस्सल_मराठी
मला वेगळाच राग आहे. रीमा मराठी, सुप्रिया मराठी, सासरे झालेले कुलदीप पवार मराठी, दिग्दर्शक मराठी. आणि कुटुंब कोण, तर वर्मा! कुलकर्णी ठेवायला काय झालं होतं?

पूर्वभाग
काय बे, लगेच कुलकर्णी! आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात हिंदी, आणि शेजारच्या काकू कन्नडमधनं ओरडतात. आम्ही वर्मांवर पण हसलो की. नावानं काय फरक पडलालाय?

आमच्यात एक म्हण हाय, "अत्तलेनि कोडलु उत्तमुरालु, कोडलुलेनि अत्त गुणवंतुरालु." सासू नसलेली सून लई चांगली, सून नसलेली सासू लई गुणाची. आता मराठीतली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. घरात कशी शांतता! कारण सासूच नाही. लेखकानं भांडणाचं मूळच काढून टाकलं, मग म्हणायचं किती गोड कुटुंब.

जुनी_गिरणी
टिपऱ्यांना हात लावू नका.

पूर्वभाग
हात कुठं लावलो? चांगलीच हाय म्हटलं की.

तीन_सुनांची_सासू
मी सासू आहे, त्यामुळे जरा गप्प बसा सगळे. पहिली गोष्ट, हंडा आधी की टाकी आधी, तुम्ही दोघीही चूक. चार दिवस नळ कोरडा असला की पहिलं पाणी गढूळ येतं. ते घ्यायचं वापराच्या बॅरलमध्ये. पाणी निवळलं की हंडा, मग मोटर. इतकं साधं आहे. सहा वर्षं काय भांडलात?

भाकरी_कडकच
काकू, आमच्याकडे एकूण पाऊण तास पाणी. त्यातली दहा मिनिटं बॅरलला दिली तर टाकी अर्धीच राहते.

तीन_सुनांची_सासू
मग बॅरल लहान घ्या.

नुस्ता_वाचक
आमच्याकडे तर आधी कूलर भरतात. उन्हाळ्यात तोच घरातला कर्ता पुरुष.

अस्सल_मराठी
तांब्याचा हंडा मुळात लिंबानं घासल्याशिवाय भरूच नये.

गड्डा_ते_गड्डा
धागा माझा आहे, सहज आठवण करून देतो. आणि खरं बोललं की झोंबतं. माझ्या आईनं पंचवीस वर्षं पहाटे उठून पाणी भरलं, कधी तोंडातून शब्द काढला नाही. आजच्या सुनेला चार दिवसांतून एकदा उठायचं तर त्याची कादंबरी होते.

भाकरी_कडकच
शब्द काढला नाही की तुम्ही झोपलेले होतात म्हणून ऐकू आला नाही?

गड्डा_ते_गड्डा
आईवर जायचं काम नाही.

भाकरी_कडकच
आईवर कोण गेलंय? मी तुमच्यावर आलेय.

तीन_सुनांची_सासू
भांडू नका. दुसरी गोष्ट सांगायची राहिली, ती या मुलीसाठी. सासूनं मुलाला डोक्यावर बसवलं, असंच म्हणायचंय ना तुला? बसवलं. खोटं कशाला बोलू? माझा धाकटा पुण्याला असतो, इकडं आला की विचारतो शॉवर का लावत नाही. पण माझ्या नवऱ्याला माझ्या सासूनं बसवलं होतं, त्याचा हिशेब मी कुणाकडे मागू? ती तर गेली. मी सुनेवर ओरडते तेव्हा निम्मं ओरडणं तिच्यासाठी असतं. रीमा लागूची ती सासू बघताना मी म्हणून हसायचे, माझ्या वतीनं कुणीतरी ओरडतंय म्हणून. सगळंच काही नवऱ्यावर ढकलू नकोस.

भाकरी_कडकच
काकू, यावर मला लगेच उत्तर सुचत नाहीये. पण बॅरलचं अजून पटलेलं नाही.

पूर्वभाग
माझा बाप उठायचा पाण्याला. मागावर रात्रपाळी करून यायचा आणि थेट नळावर. गल्लीतल्या बायका हसायच्या त्याला. आई लाजायची, म्हणायची आत या, लोक बघलालेत. म्हणजे उठलं तरी अवघडच हाय बे.

जुनी_गिरणी
हे मात्र खरं. आमच्या चाळीत वडिलांच्या हातात कळशी दिसली की लोक विचारायचे, वहिनी आजारी आहेत का?

भाकरी_कडकच
बघा, तुम्हीच सांगताय आता. त्यावर का नाही काढली कुणी मालिका?

नुस्ता_वाचक
पहिल्याच भागात संपली असती. नवरा उठला, पाणी भरलं, समाप्त.

गड्डा_ते_गड्डा
ठीक आहे. "प्रेमानं" हा शब्द मागे घेतो. मालिका चांगलीच होती, तो मागे घेत नाही. आणि "एका ताटात"बद्दल आत्ता आईलाच विचारलं. ती म्हणाली, "कोण जेवायचं एका ताटात? तू बघितलास?" पुढं बरंच काही बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भाकरी_कडकच
आईंना माझा नमस्कार सांगा. शब्द निघाले म्हणायचे!

गड्डा_ते_गड्डा
सांगितला. उद्या पहाटे आमच्याकडे पाणी आहे. साडेतीनचा गजर लावलाय, समाधान झालं असेल तर सांगा. बायको विचारतेय तब्येत बरी आहे ना.

नुस्ता_वाचक
गजर बंद करून तिलाच उठवाल.

तीन_सुनांची_सासू
पहिलं पाणी बॅरलला.

भाकरी_कडकच
टाकीला!

पूर्वभाग
मोटर अर्ध्या एचपीची हाय का एकची?

गड्डा_ते_गड्डा
बायकोला विचारून सांगतो.